डोंगर पोखरण्याआधी: सोन्याच्या शोधाचा पहिला हंगाम

‘डोंगर पोखरून उंदीर काढणे’ ही म्हण एखाद्या खाणवाल्याच्या अनुभवातूनच निघाली असावी, असा मला दाट संशय आहे. पोखरायला अफाट पैसा लागतो. आत उंदीर आहे की आणखी काही, याचा अंदाज मात्र मजबूत बूट, हातोडा, परात आणि चार-पाचशे रिकाम्या पिशव्या एवढ्यावर बराचसा घेता येतो. शोधपथकात पहिल्यांदाच दाखल होणाऱ्यांसाठी ही त्याची वाट, पायथ्यापासून वरपर्यंत.

सुरुवातीला दोन आकडे डोक्यात पक्के करा. पृथ्वीच्या कवचात सोनं सरासरी टनामागे ३-४ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. खाण चालवण्याजोग्या साठ्यात ते टनामागे काही ग्रॅम असावं लागतं, म्हणजे निसर्गाने ते कुठेतरी हजारपट गोळा केलेलं असावं लागतं. तरीही ते दिसेल असं नाही. टनाला ५ ग्रॅम म्हणजे चांगला दगड समजतात. त्याचा एक किलोचा तुकडा हातात घेतला, तर त्यात सोनं ५ मिलिग्रॅम. सगळं एकत्र करून गोळी वळली तर ती एका मिलिमीटरपेक्षाही लहान, मोहरीहून बारीक. प्रत्यक्षात तेवढं सोनंही शेकडो कणांत विखुरलेलं असतं. डोळ्यांवर विसंबून हे काम होत नाही ते यामुळे.

दुसरी गोष्ट डोंगराची. सपाटीवर दगड बहुधा जन्मला तिथेच कुजतो. डोंगरात तसं नाही. ओढ्यातली वाळू, उतारावरची माती, पायवाटेवरचा गंजका दगड, हे सगळं वरून आलेलं असतं. पाण्याने, दरडीने, नाहीतर कधीकाळच्या बर्फाने आणून टाकलेलं. म्हणून प्रत्येक नमुना हातात घेतल्यावर एकच प्रश्न विचारायचा: हे कुठून आलं? पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या प्रश्नामागोमाग उताराच्या उलट दिशेने चढत जातात.

पायरी १: आधी कागद, मग हातोडा

शोधाचा परवाना कोणाच्या नावावर आहे, त्याची सीमा कुठून जाते, आत राखीव जंगल किंवा कुणाची खासगी जमीन आहे का, हे नकाशावर आखून घ्या आणि ती सीमा जीपीएसमध्ये भरा. नियम देशागणिक बदलतात, पण हद्दीबाहेरून आणलेला नमुना कितीही चांगला निघाला तरी अहवालात घालता येत नाही, हे सगळीकडे सारखंच. डोंगराळ प्रदेश पुष्कळदा सरहद्दीलगत असतो. तिथे ड्रोन आणि सॅटेलाइट फोन यांना वेगळी परवानगी लागू शकते, ती निघायच्या आधी मिळवा.

मग खोऱ्यातल्या गावांत जा. ओढ्यातली वाळू कशासाठी भरून नेताय ते सरळ सांगा, कारण न सांगितल्यास दोन दिवसांत सोन्याचा हंडा सापडल्याची बातमी पसरते. नोकऱ्यांची, रस्त्यांची आश्वासनं देऊ नका; पहिल्या टप्प्यातले बहुतेक शोध तिथेच संपतात. उलट तुम्हीच विचारा. गुराख्यांना आणि मेंढपाळांना कुठला कडा तांबडा आहे, कुठल्या झऱ्याचं पाणी जनावरं पीत नाहीत, कुठे जुनी भुयारं आहेत, हे खडानखडा ठाऊक असतं. जुन्या खोदकामाला कमी लेखू नका. कोलारच्या सोनपट्ट्यात १८८०च्या दशकात आधुनिक खाणकाम उभं राहिलं ते प्राचीन खोदकामाच्या खुणांवरूनच. मात्र अशा भुयारात शिरू नका. आतली हवा मारक असू शकते आणि छताचा भरवसा नसतो.

पायरी २: दुरून डोंगर साजरे

घरात बसून करायचं काम हंगामाचा निम्मा खर्च वाचवतं. भूशास्त्रीय नकाशे, जुने सर्वेक्षण अहवाल, कुणी आधी गाळाचे नमुने घेतले असतील तर त्यांचे आकडे, हे सगळं एका नकाशावर आणा. मग ठरवा: इथे सोनं असलंच तर कुठल्या प्रकारचं असेल?

दुमडलेल्या, दाबलेल्या जुन्या खडकांच्या पर्वतरांगेत मोठ्या प्रस्तरभंगांच्या आसपास गारगोटीच्या शिरा शोधायच्या. तुलनेने तरुण ज्वालामुखी पर्वतांत सोनं गरम पाण्याच्या जुन्या झऱ्यांखाली जमतं. असे साठे भूपृष्ठापासून फार खोल नसतात, त्यामुळे धूप जास्त झाली असेल तर साठा कधीच वाहून गेलेला असू शकतो. तिसरा प्रकार तांब्यासोबत येणाऱ्या पॉर्फिरी साठ्यांचा: आकाराने प्रचंड, सोन्याचं प्रमाण कमी. चौथा कार्लिन प्रकार, बहुधा चुनखडीयुक्त गाळाच्या खडकांत. तो सगळ्यात फसवा, त्याबद्दल पुढे बोलू. प्रकार ठरला की सोबतची मूलद्रव्यं ठरतात: आर्सेनिक, अँटिमनी, पारा, बिस्मथ, टेल्युरियम, टंगस्टन, तांबं. सोन्यापेक्षा ही मंडळी जास्त जागेत पसरतात आणि सहज सापडतात. घर शोधायचं तर आधी धूर दिसतो, तसं.

उपग्रहचित्रं फुकट मिळतात. सेंटिनेल-२ची चित्रं दहा मीटरपर्यंत बारीक असतात आणि त्यांत लोहाचा गंज चांगला उठून दिसतो. चिकणमातीची खनिजं वेगळी ओळखायला ॲस्टर हे उपग्रहावरचं उपकरण उपयोगी, पण एक खाचखळगा लक्षात ठेवा: त्याचा लघु-अवरक्त संवेदक एप्रिल २००८मध्ये बिघडला. चित्र त्याआधीचंच घ्या. नवखे नेमके ताजं चित्र उतरवून घेतात आणि मग पट्टे रिकामे का, म्हणून डोकं खाजवत बसतात.

आणि हो, दुरून डोंगर साजरेच दिसतात. उत्तरेकडच्या उतारांवर सावली, माथ्यावर बर्फ, मधे जंगल. चित्रावरचा लाल डाग प्रत्यक्षात साधी लाल माती निघते. चित्राने कुठे जायचं एवढंच सुचवावं.

पायरी ३: ओढ्यांना बोलतं करा

पहिल्या हंगामाचा कणा हाच. एखाद्या ओढ्याच्या तळचा मूठभर गाळ म्हणजे त्याच्या संपूर्ण पाणलोट क्षेत्राचा सरासरी नमुना असतो. पाच चौरस किलोमीटर चालून पाहण्याऐवजी पाणी ते तुमच्यापर्यंत आणून देतं.

नकाशावर पाणलोटं आखा आणि प्रत्येक लहान ओढ्याला एक नमुना नेमून द्या. ढोबळ पाहणीत पाच ते दहा चौरस किलोमीटरला एक, आशा वाटेल तिथे चौरस किलोमीटरला एक किंवा जास्त. दोन ओढे मिळतात तिथे संगमावर नमुना कधीही घेऊ नका. पुराच्या वेळी मोठ्या ओढ्याचं पाणी लहान्यात मागे शिरतं आणि गाळ मिसळतो. संगमापासून किमान पन्नास मीटर वर चढा.

जागा निवडण्यात खरं कसब आहे. सोन्याची घनता १९.३, गारगोटीची २.६५. एवढं जड काही वाहतं तेव्हा पाण्याचा जोर कमी झाला की आधी तेच खाली बसतं. म्हणून मोठ्या धोंड्यांची खालच्या प्रवाहाकडची बाजू, वळणाची आतली कड, उघड्या खडकातल्या आडव्या भेगा, धोंड्यांवरची शेवाळाची गादी, आणि रांजणखळग्यांचा तळ. वरवरची स्वच्छ रेती कामाची नाही, दगडगोट्यांखालचा घट्ट बसलेला गाळ खरडून काढा. काठ ढासळून पडलेली माती टाळा, कारण ती त्या जागेचीच असते, वरची बातमी तिच्यात नसते. रस्त्याच्या पुलाखालीही घेऊ नका.

दोन प्रकारे नमुना घ्यायची पद्धत आहे. एक, ८० मेशच्या चाळणीतून म्हणजे साधारण ०.१८ मिलिमीटरच्या भोकांतून गाळलेला बारीक गाळ. तो सोबतच्या मूलद्रव्यांसाठी उत्तम. दुसरा, दोन ते पाच किलोंचा मोठा नमुना, ज्यातलं सोनं प्रयोगशाळेत सायनाइडच्या द्रावणात उतरवून मोजतात. याला या धंद्यात ब्लेग म्हणतात. मोठा नमुना घेण्यामागचं कारण गणिती आहे, ते आठव्या पायरीत येईल.

काम खालून वर करा. वरून खाली येत गेलात तर तुम्हीच ढवळलेला गाळ पुढच्या नमुन्यात शिरतो. चाळणी प्रत्येक जागी त्याच ओढ्याच्या पाण्यात खळखळून धुवा. आणि अंगठी, साखळी, कडं, सगळं तळावर काढून ठेवा. यावर नवखे हसतात. पण आपण अब्जांश भागांत मोजतो आहोत. सोन्याची अंगठी चाळणीच्या कडेला दिवसभर घासली गेली, तर त्या ओढ्यात साठा ‘सापडायला’ तेवढं पुरतं.

पायरी ४: परात

प्रयोगशाळेचा निकाल यायला आठवडे लागतात, परात तिथल्या तिथे सांगते. दहा लिटरची बादली हे ठरलेलं माप धरा आणि दरवेळी तेवढाच गाळ धुवा, नाहीतर दोन जागांची तुलनाच होत नाही. परात पूर्ण पाण्यात बुडवून आधी जोरात हलवा म्हणजे जड माल तळाला बसेल, मग तिरपी करून वरचा हलका थर लाटेसरशी सोडत जा. हात बसायला आठवडा लागतो. सरावाला शिशाचे बारीक छर्रे मोजून टाका आणि शेवटी किती उरले ते बघा.

तळाशी काळी रेती उरेल, आणि नशीब असेल तर तिच्या शेपटीला पिवळे ठिपके. पिवळं दिसलं की सुई टोचा. सोनं दबतं, पायराइटचा (सोन्यासारखं दिसणारं लोह-गंधकाचं खनिज) चुरा होतो, अभ्रकाची पापडी पाण्यात लगेच उलटते. हाताने सावली धरा: सोन्याचा रंग सावलीतही तोच राहतो, अभ्रकाची झळाळी विझते.

आता भिंग लावा, कारण ठिपक्यांच्या संख्येपेक्षा त्यांचा आकार जास्त सांगतो. खडबडीत, कोनेदार, तारेसारखे, अजून गारगोटीचा तुकडा चिकटलेले कण म्हणजे मूळ जवळ आहे. चपटे, गुळगुळीत, कडा दुमडलेले कण लांबून आले किंवा एखाद्या जुन्या नदीच्या गाळातून पुन्हा बाहेर पडले. एका ओढ्यात तीन कण पण काटेरी, दुसऱ्यात तीस पण चपटे. मी पहिल्या ओढ्याने वर जाईन.

परातीची मर्यादा मात्र मोठी आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यातल्या कार्लिनचा साठा १९६१ साली भूशास्त्रज्ञ जॉन लिव्हरमोर यांनी हुडकला, तेव्हा त्या मुलखात सोन्याचे शोधक शतकभर फिरून गेले होते. तिथलं सोनं पायराइटच्या कणांत इतकं सूक्ष्म अडकलेलं आहे की परातीत एक ठिपकाही येत नाही. तुमच्या डोंगरात चुनखडी असेल तर रिकाम्या परातीवरून ओढा खोडू नका, आर्सेनिकच्या आकड्याची वाट पाहा.

पायरी ५: सुट्या दगडांचा माग

ओढा ठरला. आता त्याने वर चढत काठचे आणि उतारावरचे सुटे दगड पाहायचे. गंजलेली गारगोटी, मधमाशांच्या पोळ्यासारखा पोकळ झालेला तांबूस दगड (आतलं सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त खनिज, कुजून गेल्याची खूण), पांढुरका पडलेला चिकट खडक. असा दगड दिसला की नोंद करा आणि वर चाला. मूळ शिरेपासून खाली हे दगड पंख्यासारखे पसरतात. वर जाल तसा पंखा अरुंद होतो, दगड मोठे आणि जास्त कोनेदार होतात, आणि एका रेषेच्या वर ते अचानक मिळेनासे होतात. शिर त्या रेषेच्या जवळपास, बहुधा मातीखाली.

बर्फाचा इतिहास असलेल्या खोऱ्यात हा हिशेब कोलमडतो. हिमनदी दगड खिंडीपलीकडूनही आणून टाकते. खडकावर समांतर ओरखडे दिसत असतील, हिमोढाचे ढीग असतील, तर आधी बर्फ कुठून कुठे सरकला ते काढा आणि माग त्या दिशेने घ्या. दरड कोसळलेल्या भागात तर दगडांचा माग घेऊच नका, दरड जिथून सुटली त्या माथ्यावरच्या उघड्या खडकापाशी जा.

पायरी ६: उघडा खडक फोडताना

इथे सगळ्यात जास्त अप्रामाणिकपणा होतो आणि तो करणाऱ्याला कळतही नाही. माणूस सगळ्यात देखणा तुकडा उचलतो. मग अहवालात ‘टनाला ४० ग्रॅम’ येतं आणि तो आकडा मालकाच्या डोक्यातून पुढची पाच वर्षं जात नाही. निवडून घेतलेला तुकडा तिथे सोनं आहे का एवढंच सांगतो. किती आहे हे सांगायला शिरेच्या आडवी, काटकोनात, सलग खाच कापून तिचा सगळा भुगा पिशवीत भरावा लागतो. नमुन्याचा प्रकार वहीत न चुकता लिहा: सुटा दगड, वेचीव तुकडा, की सलग खाच.

शिरेसोबत दोन्ही बाजूंचा खडकही वेगवेगळ्या पिशव्यांत घ्या. पांढरीशुभ्र, जाडजूड, फोटोत छान दिसणारी गारगोटी बऱ्याचदा वांझ असते आणि सोनं शेजारच्या मळकट, पायराइटने भरलेल्या खडकात बसलेलं असतं. हातोडा मारल्यावर लसणासारखा वास आला तर आर्सेनोपायराइट आहे. खूण चांगली, पण ती धूळ नाकात जाऊ देऊ नका, जेवायच्या आधी हात धुवा.

प्रत्येक शिरेची स्ट्राइक आणि डिप मोजा, म्हणजे ती कुठल्या दिशेला धावते आणि किती कलते. मोजताना हातोडा होकायंत्रापासून लांब ठेवा आणि होकायंत्रात त्या भागाचं चुंबकीय विचलन आधी बसवा. पन्नास मोजमापं जमली की कुठल्या दिशेच्या शिरांत सोनं आहे आणि कुठल्या नुसत्याच आहेत, हे दिसू लागतं. ही माहिती पुढे विवर (यंत्राने पाडायचं खोल, अरुंद भोक) कुठून आणि कुठल्या कोनात घ्यायचं ते ठरवते.

नजर फक्त भपक्यावर ठेवू नका. न्यू गिनीच्या डोंगरांत १९३६ साली डच भूशास्त्रज्ञ जाँ-जाक दोझी यांनी एर्ट्सबर्ग नावाचा खनिजाचा काळा सुळका पाहिला. पुढे तिथे तांब्याची खाण झाली. तीनेक किलोमीटरवरचा ग्रासबर्ग, जगातल्या सर्वात मोठ्या सोन्याच्या साठ्यांपैकी एक, उमगायला १९८८ साल उजाडलं. नावाचा अर्थच ‘गवताळ डोंगर’. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मधेच: जीव सांभाळण्याबद्दल

३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी, मळमळ, तोल जाणं दिसलं की खाली उतरायचं, चर्चा करायची नाही. बर्फाच्या पाण्याचे ओढे सकाळी ओलांडा, दुपारी वितळलेलं पाणी येऊन तेच कमरेपर्यंत चढतात. धारेवरचं काम दुपारच्या गडगडाटाआधी आटपा. एकाखाली एक चालू नका, वरच्याचा पाय घसरला की दगड खालच्याच्या डोक्यावर. संध्याकाळी तळावर कळवायची वेळ ठरलेली हवी, आणि ती टळली तर कोणी काय करायचं हेही.

पायरी ७: धारा आणि सोंडा

शिर मातीखाली असेल तर मातीलाच विचारावं लागतं. सपाटीवर चौकटीची जाळी आखतात. तीव्र उतारावर ती जाळी फसवते, कारण उतारावरची माती सतत खाली सरकत असते आणि नमुना शंभर मीटर वरची गोष्ट सांगतो. म्हणून सुरुवात डोंगराची धार आणि तिला फुटलेल्या सोंडा यांवरून करा. तिथे वरून येणारं काहीच नसतं, माती खालच्याच खडकाची असते. पन्नास मीटरला एक नमुना घेत सोंडेवरून उतरा. चालायलाही सोपं.

पानापाचोळ्याचा काळा थर बाजूला करा आणि खालच्या तांबूस-तपकिरी थरातून, साधारण २० ते ५० सेंटिमीटर खोलीवरून माती घ्या. सगळीकडे थर तोच पकडा. खोली थोडी इकडेतिकडे झाली तर चालेल, थर बदलला तर आकड्यांची सरमिसळ होते. हातात धरायचं, क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणारं एक्सआरएफ यंत्र असेल तर आर्सेनिक आणि तांबं तिथेच मोजून दुसऱ्या दिवशीची आखणी बदलता येते. त्या यंत्रावर सोन्याचा आकडा दिसला तरी विश्वास ठेवू नका. मातीत असतं तेवढं कमी सोनं त्याला कळत नाही.

पायरी ८: पिशवी, वही, प्रयोगशाळा

एका हंगामात आमच्या चाळीस पिशव्या फुकट गेल्या. गाळ ओला, आत टाकलेली चिठ्ठी साध्या कागदाची, आठवड्याने तिचा लगदा झाला होता आणि बाहेरची शाई खेचराच्या पाठीवर घासून पुसली गेली होती. तेव्हापासून नंबर तीन जागी: पिशवीवर, आतल्या पाण्यात न भिजणाऱ्या पट्टीवर आणि वहीत. नमुन्याच्या नंबरात ओढ्याचं नाव किंवा अपेक्षा दडवू नका, नुसता अनुक्रमांक हवा. वहीत अक्षांश-रेखांश, कुठली निर्देशपद्धत, तारीख, कोणी घेतला, कशातून घेतला, फोटो क्रमांक. कड्याच्या बुडाशी जीपीएस बराच चुकतो, तेव्हा नकाशावरही खूण करा.

आता ते गणित. ०.१ मिलिमीटर व्यासाचा सोन्याचा एक कण, साधारण जाड केसाएवढा, वजनाने सुमारे १० मायक्रोग्रॅम भरतो. प्रयोगशाळा भट्टीत शिशासोबत वितळवायला बहुधा ३० ग्रॅम भुकटी घेते. त्या ३० ग्रॅममध्ये हा एकच कण आला तर निकाल टनाला ०.३४ ग्रॅम. कण ०.२ मिलिमीटरचा असेल तर २.७ ग्रॅम. आणि तोच कण शेजारच्या ३० ग्रॅममध्ये गेला तर शून्य. दगड तोच, पिशवी तीच! जाडं सोनं असलेल्या भागात म्हणून मोठा नमुना घ्यायचा, आणि किलोभर भुकटी चाळून जाडे कण वेगळे मोजणारी तपासणी मागायची.

पिशव्या पाठवताना दर वीस नमुन्यांत निदान एक प्रमाणित नमुना (ज्याचं सोनं आधीच माहीत आहे), एक कोरा वांझ दगड आणि एक जुळा नमुना मिसळा. कोऱ्या दगडात सोनं निघालं तर प्रयोगशाळेच्या चक्कीत आधीच्या नमुन्याची भुकटी राहिली होती. पिशव्या तुमच्या नजरेआड कोणाकडे होत्या याची लेखी साखळी ठेवा.

हा अविश्वास कशासाठी, तर १९९७साठी. इंडोनेशियातल्या बुसांगमध्ये कॅनडाच्या ब्रे-एक्स कंपनीने जगातला एक मोठा साठा जाहीर केला होता. विवरातून काढलेल्या दगडी नळ्यांत (खडकाच्या लांब, भरीव कांड्यांत) बाहेरून सोनं मिसळलेलं निघालं आणि सगळं कोसळलं. नळी उभी चिरून अर्धी जपून ठेवायची रीत असते. तिथे पूर्ण नळी भरडून टाकली जात होती, फेरतपासणीला काही उरत नव्हतं. आणि कण? गोल, गुळगुळीत, नदीत घासलेले. खडकातून नुकत्याच काढलेल्या सोन्याला नदी कुठून भेटली, हे भिंगातून बघणाऱ्याला विचारता आलं असतं. कॅनडाने त्यानंतर २००१पासून खनिज अहवालांसाठी एनआय ४३-१०१ हे कडक नियम लागू केले.

पायरी ९: आकडे वाचणं

निकाल आले की सगळ्यात मोठ्या आकड्याकडे धाव घ्यायची ऊर्मी येते. थांबा. आधी त्या खडकासाठी नेहमीची पातळी किती ते पाहा. ज्वालामुखी खडक आणि चुनखडी यांना एकाच मापाने मोजू नका. मग पाणलोटाचा विचार करा. समजा, एका ओढ्याचं पाणलोट १० चौरस किलोमीटर, गाळात सोनं १२ अब्जांश भाग. दुसऱ्याचं १ चौरस किलोमीटर, सोनं ५० अब्जांश. नेहमीची पातळी २ धरली तर पहिल्यात (१२−२)×१० म्हणजे १००, दुसऱ्यात (५०−२)×१ म्हणजे ४८. कमी आकड्याच्या ओढ्यामागे जास्त सोनं असू शकतं, नुसतं जास्त गाळात विरलेलं.

एकटा उंच आकडा, ज्याच्या शेजारी आर्सेनिक नाही, अँटिमनी नाही, वरच्या ओढ्यात काही नाही, तो बहुधा एका कणाचा प्रताप. तिथे नमुना पुन्हा घ्या. मध्यम आकड्यांची सलग पाच-सहा ठिकाणांची माळ, प्रस्तरभंगाच्या रेषेवर आणि सोबत आर्सेनिक, हे मला जास्त आवडतं.

पायरी १०: चर, आणि विवराचा निर्णय

माळ पक्की झाली की तिच्या आडवा चर खणायचा, खडक लागेपर्यंत. खोली छातीच्या वर जाणार असेल तर आधार लावल्याशिवाय आत उतरू नका. तळाच्या खडकातून एकेक मीटरची सलग खाच घ्या, सोनं ‘दिसत नाही’ ते मीटरही. काम झालं की चर बुजवा, वरची माती वर ठेवून.

इथून पुढे भूभौतिकी: चुंबकीय मोजणीने खडकांच्या सीमा, आणि जमिनीत वीज सोडून करायच्या आयपी पद्धतीने जमिनीखाली विखुरलेलं सल्फाइड. ती कंत्राटदाराची कामं, तुम्ही त्यांना रेषा शिरांच्या आडव्या टाकायला सांगा.

पहिलं विवर मागण्याआधी एक उभा छेद काढा. शिर भूपृष्ठावर कुठे दिसली, किती कलते, मग १०० मीटर खाली ती कुठे असायला हवी, आणि यंत्र उभं करायला त्या उतारावर जागा आहे का. विवर शिरेला शक्य तितकं काटकोनात भेटावं. ३० अंशांनी भेटलं तर नळीत १० मीटर दिसणारी शिर खरी ५ मीटर जाड असते, आणि अहवालात खरी जाडीच लिहायची.

त्याच छेदाच्या कागदावर, यंत्र येण्याआधीच, काय निघालं नाही तर हा भाग सोडायचा तेही लिहा आणि खाली तारीख घाला. विवर चालू झाल्यावर प्रत्येकाला ‘आणखी वीस मीटर’ हवे असतात. सोडलेल्या भागाच्या पिशव्यांची उरलेली भुकटी, रिकाम्या निघालेल्या ओढ्यांची नावं आणि अक्षांश-रेखांश यांची यादी करून ठेवा. पुढच्या हंगामात कुणी नवा मुलगा तोच ओढा बघायला निघाला, तर त्याच्या हातात द्यायला.